सहा बायका आणि उत्तरेचा रस्ता

ज्या सहलीत पुरुषांना मज्जाव होता, तिचा म्होरक्या होऊन मी श्रीलंकेला जाऊन आलो. यात माझं कर्तृत्व काही नाही. ते सगळं कांजिण्यांचं.

आमची मंजिरी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडली तेव्हा गुडगावला गुडगावच म्हणत. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून एका बाजूला काचेचे मनोरे वर चढताना दिसायचे आणि दुसऱ्या बाजूला मोहरीची पिवळी शेतं. नवरे सकाळी त्या मनोऱ्यांत जात आणि अंधार पडला की परत येत. फ्लॅटमध्ये मागे राहिलेल्या बायकांपाशी कोरे करकरीत पासपोर्ट होते. बरोबर जायला मात्र कोणी नव्हतं. मंजिरीने हे हेरलं आणि एकटीने निघणाऱ्या बायकांसाठी छोट्या गटाच्या परदेश सहली, असा धंदा आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडला. अट एकच. नवरा, दीर, मुलगा, कोणी बरोबर आणायचा नाही. आधीच्या सहली झकास झाल्या. श्रीलंकेला निघायच्या आठवड्यातच आमच्या मुलीने शाळेतून कांजिण्या आणल्या आणि आईला दिल्या.

"तू जा," मंजिरी अंगावर कडुनिंबाचा डहाळा फिरवत म्हणाली.

"मी? अगं, मी पुरुष आहे."

"ते मी त्यांना सांगते समजावून. तसं ते फार जाणवत नाही."

मी मानेसरला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात खरेदी विभागात होतो. माल मोजून घेणे आणि मोजून देणे, एवढीच विद्या मला येत होती. तीच मी बरोबर घेतली. सेफ्टीवाल्यांकडून एक पितळी शिट्टी मागून आणली आणि ती गळ्यात अडकवून विमानतळावर उभा राहिलो.

सहाजणी आल्या. करोलबागेतल्या वर्तकबाई, निवृत्त शिक्षिका. त्यांनी माझ्याकडे उशिरा आलेल्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं. गुडगावच्या मिसेस भाटिया. उंच, मोठ्या आवाजाच्या, स्वतःचं कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या. "केळकर जी, मंजिरी की जगह आप? चलो, सामान तो उठाओगे!" नोएडाच्या तिघी, एकमेकींना संपूर्ण अनोळखी, पण विमान सुटेपर्यंत सख्ख्या बहिणी झालेल्या. आणि शालनताई जाधव.

शालनताई मूळच्या साताऱ्याकडच्या. दिल्ली छावणीतल्या एका शाळेत मदतनीस होत्या आणि पालमला मुलाबरोबर राहत. मुलगा सचिन आमच्याच कारखान्यात तंत्रज्ञ. मंजिरीची जाहिरात मीच कारखान्याच्या फलकावर लावली होती. ती वाचून त्याने आईचं नाव दिलं. नऊवारी, पायात मुलाचे असावेत असे बूट, कपाळावर रुपयाएवढं लाल कुंकू. मला त्या 'साहेब' म्हणत, कारण मी मुलाच्या कंपनीतला. विमानात खिडकीपाशी बसल्या आणि खाली समुद्र लागला तसं त्यांनी काचेला कपाळ टेकलं ते उतरेपर्यंत काढलं नाही. मला वाटलं, पहिला विमानप्रवास, भीती वाटत असेल. मी त्यांना लिमलेटची गोळी दिली.

कोलंबोच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि दिल्लीच्या जानेवारीतून आलेल्या आम्हा सगळ्यांचे स्वेटर पाच मिनिटांत काखेत आले. हवा ओली, कोकणातल्यासारखी. पण रस्ते झाडलेले, आणि वळणावळणाला पांढऱ्या बुद्धाची मूर्ती. कँडीला जाताना वाटेत न्याहारीला 'आप्प' खाल्ले (तांदळाच्या पिठाचे, कडेला जाळीदार आणि मध्ये मऊ असे वाटीच्या आकाराचे घावन) आणि त्याबरोबर 'पोल संबोल' (ओल्या खोबऱ्याची लाल तिखट चटणी). चटणी खाऊन नोएडाच्या तिघींच्या डोळ्यांतून पाणी आलं. शालनताईंनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

कँडीला तळ्याकाठी बुद्धाच्या दाताचं देऊळ आहे. लोक हातात कमळं आणि 'अरलिया' (पांढरा चाफा) घेऊन अनवाणी, इतक्या हळू चालतात की कपड्यांची सळसळ ऐकू येते. माझ्या सहांपैकी दोघीच दिसत होत्या. मी गळ्यातली शिट्टी काढली आणि जोरात फुंकली.

देवळातली सगळी माणसं एकदम थांबली. दोन रखवालदार माझ्याकडे धावत आले. एका म्हाताऱ्या भिक्षूने माझ्याकडे रागाने नाही, दयेने बघितलं. ते जास्त लागलं. वर्तकबाईंनी पुढे होऊन हात पसरला, मी शिट्टी त्यांच्या हातावर ठेवली आणि त्यांनी ती पर्समध्ये टाकून चेन लावली. मिसेस भाटिया खांबाआड तोंडाला पदर लावून हसत होत्या.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण दुसऱ्या दिवशी संक्रांत होती, आणि मंजिरीने बरोबर तिळगुळाचा डबा आणि हळदकुंकवाचा करंडा दिला होता. ग्राहकाला आनंद द्यावा, ह्या हेतूने मी हॉटेलच्या तळ्याकडच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या, चाफ्याची फुलं आणली आणि वर्तकबाईंना म्हटलं, तुम्ही ज्येष्ठ, तुम्ही लावा.

"ये क्या है, लेडीज़ संगीत?" मिसेस भाटियांनी विचारलं.

"गप्प बसायचं आणि कपाळ पुढे करायचं," वर्तकबाई हिंदीत म्हणाल्या.

त्यांनी मिसेस भाटियांना लावलं, नोएडाच्या तिघींना लावलं, स्वतःला लावून घेतलं आणि करंड्याचं झाकण बंद केलं. शालनताई शेवटच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"वर्तकबाई," मी खड्या आवाजात म्हणालो, "तुमचा एक नग राहिला!"

कोणी हसलं नाही. वर्तकबाई माझ्याजवळ आल्या आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "केळकर, कळत नाही तिथे बोलत जाऊ नका. त्यांना पेन्शन आहे. नवऱ्याचं."

मी शालनताईंच्या कपाळाकडे बघितलं. ते लाल कुंकू तिथे होतंच. मग मी जमिनीकडे बघायला लागलो.

"बाईंचं काई चुकलं न्हाई, साहेब," शालनताई म्हणाल्या. "गावाकडं बी असंच. माझी जाऊ तर तोंडावर म्हणती, पेन्शन विधवेचं खाती आन कुंकू सवाशिणीचं लावती."

मग त्यांनी सांगितलं. आवाज चढला नाही की पडला नाही. पुष्कळ वेळा सांगून गुळगुळीत झालेली हकिगत होती ती. नवरा हणमंत, फौजेत नाईक. भारताने पाठवलेल्या शांतिसेनेबरोबर श्रीलंकेच्या उत्तरेला आला, तिथे तिची तमिळ बंडखोरांशीच लढाई जुंपली. एका गावातल्या शाळेत त्यांचा तळ होता. पत्रं यायची. शाळेसमोर विहीर आहे, पाणी गोड आहे, आपल्या विहिरीसारखं. एका संध्याकाळी तो बाहेर गेला आणि परत आला नाही. शोधलं, सापडला नाही. पुढे फौजेने मृत मानून कागद केले, पेन्शन चालू केलं. सचिन तेव्हा तिसरीत होता.

"मी मानलं न्हाई. जे बघितलं न्हाई ते कसं मानू? आता फाल्गुनात सचिनचं लगीन हाय. धाकटं दीर म्हणत्यात, घरात क्रिया अडलेली, शुभकार्य कसं करायचं? आधी पालाशविधी करा." (माणूस हरवला आणि देह मिळाला नाही, तर पळसाच्या पानांचा नि दर्भाचा माणूस करतात, त्याला अग्नी देतात आणि मग दिवस घालतात, त्याला म्हणतात पालाशविधी.) "त्याच्यानंतर माझं कुंकू पुसनार. मी म्हनलं, एकडाव ती जागा बघून येते. मग तुमी म्हनाल तसं. त्यांनी हो म्हनलं. आता शबूद दिलाय."

"पण ताई, आपण उत्तरेला जातच नाही," मी म्हणालो. "इथून चहाचे मळे, मग समुद्रकिनारा, मग परत."

"ते मला काल कळलं, साहेब. मला वाटलं, लंका म्हंजे केवढीशी असंल? एवढं फिरवत्यात, तर तिकडनं बी गाडी जाईल."

मी खरेदी विभागाच्या पद्धतीने उत्तर तयार केलं होतं. ठरलेल्या कार्यक्रमात नाही, उत्तरेत नुकतीच कुठे युद्धबंदी झालेली, सुरुंग पेरलेले, जबाबदारी माझी. खरं कारण एकच, मला भीती वाटत होती. हॉटेलातून मंजिरीला फोन लावला आणि तिने नको म्हणावं म्हणून सगळं भयंकर करून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला काय विचारतोस? त्यांना विचार. सहल त्यांची आहे."

विचारलं. नोएडाच्या तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यांतली एक म्हणाली, "घर पे पता चला तो मार डालेंगे." दुसरी म्हणाली, "घर पे बताएगा कौन?" वर्तकबाईंनी मघाशी बंद केलेला करंडा अजून हातातच धरला होता. मिसेस भाटिया उठल्या. "केळकर जी, बीच तो गोवा में भी है. गाड़ी बोलो."

आमचा सिंहली चालक उत्तरेला यायला तयार नव्हता; त्याने आम्हाला अनुराधपूरपर्यंत सोडलं. पुढे वावुनियाच्या शिवराजा नावाच्या तमिळ चालकाची जुनी व्हॅन मिळाली. त्याला इंग्रजी येत होतं, आणि तो बोलण्यापेक्षा हॉर्न जास्त वाजवत असे. निघताना वर्तकबाई शालनताईंच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या.

वावुनिया सोडल्यावर रस्ता म्हणजे खड्डे आणि खड्ड्यांमधलं डांबर. दोन्ही बाजूंना लाल पाट्या, त्यांवर कवटीचं चित्र. रस्ता सोडून पाऊल टाकायचं नाही. नोएडाच्या तिघींनी अंताक्षरी सुरू केली होती. पहिली पाटी दिसली तशी ती आपोआप थांबली. सरकारी फौजेची चौकी ओलांडली. पुढे थोडी मोकळी जमीन, कोणाचीच नसलेली. आणि मग दुसऱ्या बाजूची चौकी, जिथे त्या वेळी तमिळ बंडखोरांचं वेगळंच राज्य होतं. वेगळ्या गणवेशातली एक मुलगी, दोन वेण्या वर बांधलेल्या, सचिनच्या वयाची असेल. तिने इंग्रजीत विचारलं, "कशासाठी आलात?"

शिवराजाने मला बजावून ठेवलं होतं. 'देवळं बघायला' असं सांगा, पुढे एक अक्षर नको. पण अधिकारी दिसला की मला आपलं काम महत्त्वाचं आहे हे दाखवायची खोड आहे. ठेकेदारांसमोर ती उपयोगी पडते. मी शालनताईंकडे बोट दाखवून ठणकावून सांगितलं, "ह्या बाईंचे पती इथे होते. इंडियन आर्मी!"

शिवराजाने डोळे मिटून घेतले.

आमचे पासपोर्ट आत गेले. आम्हाला पत्र्याच्या छपराखाली बाकावर बसवलं. ऊन चढत गेलं. नोएडाच्या एकीने हनुमानाचं स्तोत्र पुटपुटायला सुरुवात केली. लंकेत, ह्या जागी, ते कितपत बरं हे मला ठरवता येईना. वर्तकबाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "शिट्टी काढून घेतली, जीभ राहिली." मी मान खाली घातली. काही उलटंसुलटं झालं तर सहा घरांना काय सांगणार होतो मी? कांजिण्या झाल्या होत्या म्हणून?

बऱ्याच वेळाने आतून एक पन्नाशीचा माणूस आला. लंगडत होता. तो सरळ शालनताईंसमोर उभा राहिला आणि शिवराजाच्या तोंडून विचारलं, "तुमचा माणूस कोणत्या साली आला होता?"

शालनताईंनी साल सांगितलं. मग गावाचं नाव सांगितलं.

"तिथे काय आहे तुमचं?"

"तेच बघायला आले," शालनताई म्हणाल्या.

त्याने पासपोर्ट परत दिले. शिवराजाला हळूच काही बोलला. गाडी सुरू झाल्यावर शिवराजाने सांगितलं, "म्हणाला, पुढे कोणाला हे सांगू नका. इथे कोणीच ते दिवस विसरलेलं नाही." मग थोडं पुढे गेल्यावर, "आणि ह्या माणसाला बोलू देऊ नका, असंही म्हणाला."

खारट पाण्याची उथळ खाजणं ओलांडून आम्ही जाफन्याच्या टापूत शिरलो. तिथे ताडाची राई लागली. पण ताडांना शेंडे नव्हते. तोफगोळ्यांनी मुंडकी उडवलेले, काळे, उघडे बुंधे उभे, मैलच्या मैल. मिसेस भाटिया, ज्यांचं तोंड दिल्लीपासून मिटलं नव्हतं, त्यांनी खिडकीची काच सरकवून बंद केली.

ते गाव चावकच्चेरीच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत. नाव मी लिहीत नाही. शाळा होती, भिंती होत्या, छप्पर नव्हतं, वर्गात एरंड उगवला होता. शालनताई व्हॅनमधून उतरल्या आणि सरळ शाळेकडे निघाल्या.

"निल्लुंगो!" समोरच्या घरातून ओरडण्याचा आवाज आला. (थांबा!) एक बाई धावत आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, काटक, कपाळावर ठसठशीत 'पोट्टु' (कुंकवाचा टिळा). त्यांनी शालनताईंचं मनगट पकडलं आणि जमिनीकडे हात केला. सगळी जमीन अजून साफ झालेली नव्हती. मग स्वतः पुढे झाल्या आणि मागे न बघता खूण केली. माझ्या पावलात पाऊल टाका.

मी म्होरक्या ह्या नात्याने दुसरा व्हायला गेलो, तर मिसेस भाटियांनी मला दंडाला धरून शेवटी नेलं. "आप पीछे." अशी आमची रांग निघाली. ती बाई, शालनताई, वर्तकबाई, मग बाकीच्या, आणि शेपटाला मी.

विहीर होती. काठ फुटलेला, पण वापरातली. रहाटाला ताडाच्या दोराची बादली. शालनताईंनी स्वतः बादली सोडली, ओढली, ओंजळ भरली आणि प्यायल्या. मग ओला हात तोंडावरून फिरवून म्हणाल्या, "गोड हाय. खरं लिवलं हुतं."

त्या तिथे काठावर बसल्या. कोणी त्यांच्याजवळ गेलं नाही.

त्या बाईंचं नाव राशम्मा. घराच्या अंगणात पोंगलची रांगोळी अजून पुसट दिसत होती. त्यांनी ओटीवर बसवलं, बिनदुधाचा चहा दिला आणि हातावर 'पनंगट्टी' (ताडगुळाचा खडा) ठेवली. चहात गूळ घालायचा नाही. खडा दाताखाली धरायचा आणि वरून चहाचा घोट घ्यायचा. मी आधी पूर्ण खडा चावून खाल्ला आणि मग कडू चहा संपवत बसलो.

बोलणं असं चाललं. शालनताई मराठीत, मी इंग्रजीत, शिवराजा तमिळमध्ये, आणि उत्तर त्याच वाटेने परत. शालनताईंनी कमरेच्या पिशवीतून हणमंतचा गणवेशातला फोटो काढला. राशम्मांनी तो उजेडात धरून बघितला. "त्या कपड्यांत सगळे सारखेच दिसायचे," त्या म्हणाल्या. "इथे खूपजण होते. पाणी न्यायला यायचे. हा असेलही त्यांत."

मग त्या आत गेल्या आणि दुसरा फोटो घेऊन आल्या. पांढऱ्या वेष्टीतला (लुंगीसारखं धोतर) एक माणूस, हसरा, हाताने सायकलचं हँडल धरून उभा. राशम्मा बराच वेळ बोलल्या. शिवराजाने मला सांगितलं, आणि मी शालनताईंना म्हणालो, "त्या म्हणतात, त्यांच्यावरही फार वाईट प्रसंग आला. त्यांना तुमचं दुःख कळतं."

शालनताईंनी माझ्याकडे बघितलं. "भाऊ," त्या म्हणाल्या. साहेब नाही. "ती एवढी बोलली आन तुमी एवढंसं सांगितलं. मधलं कुठं गेलं?"

"ताई, तसं काही विशेष..."

"ती मला काय तरी इचारतीया. माझ्याकडं बघून इचारतीया. नीट सांगा."

मग सांगितलं. राशम्मांचा नवरा त्याच दिवसांत सायकलवर रॉकेल आणायला गेला आणि आला नाही. कोणी नेला, कळलं नाही. त्या रस्त्याने तेव्हा तीन तऱ्हेचे बूट चालत होते, शांतिसेनेचे, बंडखोरांचे आणि बंडखोरांच्या विरोधी गटांचे. त्या सगळ्यांच्या दारी जाऊन आल्या. आणि आता त्या विचारत होत्या, तुमचा माणूस इथून घरी पत्रं लिहायचा ना? कधी लिहिलं होतं का त्याने, एका सायकलवाल्या माणसाबद्दल? सायकलला पुढे छोटी टोपली होती.

एवढा समुद्र ओलांडून शालनताई ज्या प्रश्नाचं उत्तर मागायला आल्या होत्या, तोच प्रश्न त्यांच्यासमोर हात पसरून बसला होता. त्यांनी तो फोटो गुडघ्यावर ठेवला आणि डोळे मिटले. सगळी पत्रं एकेक करून आठवत असाव्यात. ओठ हलत होते. विहीर. नारळ. सचिनचा पडलेला दात आला का. भावाचं शेत. उकाडा.

"न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या. "सायकल कुठंच नव्हती."

हे भाषांतर करावं लागलं नाही. राशम्मांनी मान हलवली, पुष्कळदा हलवलेली मान, आणि फोटो पदराने पुसून मांडीवर ठेवला.

मग शालनताईंनी विचारलं, "तुमी क्रिया केली का त्यांची?"

"केली. मुलीच्या लग्नात सासरच्यांनी अडवलं. ब्राह्मण म्हणाला, गवताचा करा. केला. जाळला."

"मग?"

"मग काय? संध्याकाळी भात लावला आणि त्याचा वाटा झाकून ठेवला, रोजच्यासारखा. जळलं ते गवत होतं."

शालनताई त्यांच्या कपाळाकडे बघत होत्या. "आन हे? लोक बोलले न्हाईत?"

"बोलले की. खूप वर्षं बोलले. आता थकले."

"थकत्यात व्हय!" शालनताई म्हणाल्या, आणि हसल्या. दिल्लीहून निघाल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होतो. राशम्माही हसल्या, भाषांतर पोचायच्या आधीच.

उठताना वर्तकबाईंनी पर्स उघडली. करंडा काढला. आधी राशम्मांना कुंकू लावलं आणि मग शालनताईंसमोर उभ्या राहिल्या. "परवा माझं चुकलं," एवढंच म्हणाल्या. शालनताईंनी कपाळ पुढे केलं. मी तिथे काही बोललो नाही. ह्या सगळ्या प्रवासात माझ्या हातून घडलेली ती एकच बरी गोष्ट.

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. चौकीवर मी तोंडात पनंगट्टीचा खडा धरून बसलो, म्हणजे बोलायचा प्रश्नच नको. कोलंबोत नोएडाच्या तिघींना समुद्राची एक संध्याकाळ मिळाली. त्या पाण्यात पाय बुडवून नुसत्या उभ्या राहिल्या आणि मला फोटो काढायलाही त्यांनी सांगितलं नाही.

दिल्लीला उतरलो तेव्हा दुपार होती, धुकं नुकतंच उठलेलं. बाहेर सचिन आणि त्याचे काका उभे होते. काका गावाहून मुद्दाम आलेले, डोक्याला टोपी. "वैनी, मिळालं का काय तिकडं?"

"मिळालं न्हाई," शालनताई म्हणाल्या. "भावजी, फाल्गुनाच्या आत तुमची क्रिया उरकून घ्या. दर्भ आना, भटजी आना. पोराचं लगीन अडायला नको. मी म्होरं बसते."

काकांचा चेहरा सैल झाला.

"पन ते गवत इझल्यावर माझ्या कपाळाला कुनी हात लावायचा न्हाई. जाऊबाईंना आत्ताच सांगून ठेवा."

"वैनी, असं कसं? लोक काय म्हणतील? क्रिया केली म्हंजे..."

"म्हनूद्यात. थकत्यात."

काकांनी सचिनकडे बघितलं. सचिनने आईची पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाला, "काका, चला. गाडी लागलीये."

घरी पोचल्यावर मंजिरीने विचारलं, सहल कशी झाली. मी शिट्टीपासून सुरुवात केली, ती खूप हसली. बाकीचं मी तिला थोडं थोडं करून पुढच्या कित्येक दिवसांत सांगितलं. एकट्या बायकांची सहल म्हणजे संसारातून चार दिवस सुटका, असं मी समजत आलो होतो. सोसायटीतले माझ्यासारखे पुष्कळजण तसंच समजतात. आपल्या घरातली बाई एकटीने कुठे जायचं म्हणते तेव्हा तिला नेमकं कुठे जायचं आहे, हे आम्ही कधी विचारत नाही. पुढच्या सहलीपासून मंजिरी तेवढं विचारायला लागली. उत्तर द्यायला बहुतेकींना पुष्कळ वेळ लागतो, असं ती म्हणते.

सचिनचं लग्न छावणीजवळच्या एका हॉलमध्ये झालं. आम्ही गेलो होतो. शालनताई मांडवात सुनेच्या आईशेजारी उभ्या होत्या, कपाळ जसं होतं तसं. जाऊबाई त्यांच्याशी बोलत नव्हत्या. पण जेवायच्या पंगतीत त्यांना वाढायला कमी करत नव्हत्या.

त्या पावसाळ्यात सचिन मला कारखान्याच्या कँटीनमध्ये भेटला. आई कशी आहे, विचारलं.

"गावाकडे गेलीय, सर. बाबांच्या पलटणीतले दोघं रिटायर होऊन कराडकडे राहतात. त्यांचा नवा पत्ता लागला, तर लगेच निघाली."

"अजून बाबांची चौकशी चालूच आहे म्हणायची."

"नाही सर. बाबांचं त्यांना केव्हाच विचारून झालंय." त्याने ताटातली रोटी मोडली. "त्या सायकलवाल्याचं विचारायला गेलीय."